हाडवैद्याची साक्ष

ती माझ्याकडे डॉक्टरवर दावा लावायला आलीच नव्हती. तिला अपंगाचा दाखला हवा होता, आणि डहाणूच्या कोर्टासमोर एक वकीलबाई बसते, ती प्रतिज्ञापत्र करून देते, एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं. २०१६ चा उन्हाळा होता. माझं ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक पंखा, आणि त्या दिवशी वीज गेलेली. ती तलासरीकडच्या एका पाड्यावरून आली होती. वय तिशीच्या आसपास. मी सहीसाठी पेन पुढे केलं तेव्हा तिने डावा हात काढला. उजवा पदराखालीच होता.

"उजवा दाखव बघू," मी म्हटलं.

तिने दाखवला. बोटं तळव्यात आवळलेली, मनगट वाकलेलं, कोपराखालचा हात काटकीसारखा वाळलेला. महामार्गावरच्या अपघातांचे दावे लढवण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. ट्रकने मोडलेले हात, मोटरसायकलवरून पडून मोडलेले हात मी जितके पाहिलेत तितके एखाद्या कंपाउंडरनेही पाहिले नसतील. मोडलेला हात वाकडा जुळतो, आखूड होतो, थंडीत ठणकतो. पण नुसता मोडून हात असा होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"हे कशाने झालं?"

"चिकूच्या झाडावरून पडली. माझं नशीब, मॅडम."

नशीब हा शब्द माझ्या टेबलासमोर कोणी काढला की माझं डोकं फिरतं. अर्ध्या जगाच्या चुका आमच्या भागातली माणसं स्वतःच्या नशिबावर घेऊन मोकळी होतात, आणि चुका करणारे रात्री सुखाने झोपतात. मी प्रतिज्ञापत्र बाजूला सारलं आणि तिला म्हटलं, पहिल्यापासून सांग.

ती घोलवडच्या एका वाडीत चिकू काढायला जायची. गेल्या हिवाळ्यात फांदीवरून पाय सुटला आणि उजव्या हाताचं हाड मोडलं. वाडीवाल्याने लगेच गाडीत घालून एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथे प्लास्टर झालं. रात्रीत हात सुजला, आतून फुटतोय की काय असं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर पुन्हा तिथे गेली. डॉक्टरांनी खुर्चीतून उठण्याचीही तसदी घेतली नाही. "हाड मोडलंय, दुखणारच," म्हणाले आणि गोळ्यांची चिठ्ठी देऊन परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी बोटं थंड, पांढरीफटक पडली. मग गुजरातेतलं मोठं हॉस्पिटल, ऑपरेशन, महिनाभर खाट. हात अंगाला राहिला, कामाला राहिला नाही. तिला स्वतःचा अंबाडासुद्धा बांधता येत नव्हता.

"प्लास्टर कापलं कोणी?" मी विचारलं.

"तिकडंच, मोठ्या हॉस्पिटलात," ती जमिनीकडे बघत म्हणाली. मी तसं लिहून घेतलं.

मी तिला सांगितलं की ही डॉक्टरची चूक असू शकते, त्याविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार करता येते, आणि ती दोन वर्षांच्या आतच करावी लागते. डॉक्टरची चूक होऊ शकते, हे तिला पटायलाच वेळ लागला. मग म्हणाली, "घरात सासू बोलते, ही धड चढली नाय. नवरा बोलतो, हिला दुखणं सोसत नाय. भरपाई मिळली तर मिळली. पण चूक कोणाची, ते मला सरकारी कागदावर लिहून पाहिजे."

मी वकीलपत्र पुढे केलं. तिने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

आता खरं सांगते. तो डॉक्टर मला परका नव्हता. माझ्या वडिलांचा गुडघा त्यानेच बरा केला होता, आणि चांगला केला होता. बार रूममध्ये बातमी फुटली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडे आले. "पाण्यात राहून माशाशी वैर? उद्या ताप आला तर कुठे जाशील?"

"गुजरातेत जाईन," मी म्हटलं. "सगळे तिकडेच जातात. तुम्हीपण."

सगळे हसले, पण मला मनातून राग आला होता. ज्याने माझ्या वडिलांना खुर्चीवरून उठून, हाताला धरून टेबलावर बसवलं, तो माणूस हिच्यासाठी खुर्चीतून का उठला नाही? मी वकील असल्यामुळे माझे वडील नीट तपासले गेले, याचा आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची? मला लाज वाटली. तिथून पुढे हा दावा माझाही झाला.

पहिलं काम कागदांचं. ती दोनदा केसपेपर मागायला गेली होती आणि दोनदा तिला "सापडत नाहीत" असं सांगितलं होतं. मी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं: रुग्णाने मागितल्यावर नोंदींची प्रत बहात्तर तासांत देणं डॉक्टरला बंधनकारक आहे, नाही दिली तर मी मेडिकल कौन्सिलला लिहीन. कागद चटकन सापडले. सुंदर अक्षर, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच शाई, एकच पेन, सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं. त्यात लिहिलं होतं: सूज पाहून अर्धंच प्लास्टर घातलं, वर नुसती पट्टी गुंडाळली, हात उंच ठेवायला सांगितला, सूज वाढल्यास यायला सांगितलं, रुग्ण परत आला नाही. माझ्याजवळ दुसऱ्या दिवशीची गोळ्यांची चिठ्ठी होती, पण तिच्यावर नाव नव्हतं. ती कोणाचीही असू शकते, असं उत्तर येणार हे मला दिसत होतं.

तरी तक्रार दाखल केली. काही महिन्यांनी डॉक्टरचं लेखी म्हणणं आलं, आणि त्यातला सातवा परिच्छेद वाचून मी खुर्चीत ताठ बसले. माझ्याकडे गुजरातेतल्या हॉस्पिटलचं नुसतं डिस्चार्ज कार्ड होतं; त्याने तिथला भरतीचा कागद मिळवला होता आणि त्यावर स्पष्ट नोंद होती की प्लास्टर गावातल्या हाडवैद्याने काढलं. तेव्हा, डॉक्टरचं म्हणणं, या बाईने परस्पर हाडवैद्याकडून मालीश करून घेतली, बांबूच्या कामट्या आवळून बांधून घेतल्या, आणि हात गेला तो त्यामुळेच.

मी तिला बोलावून घेतलं. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने दार लोटून घेतलं. माझ्याशी खोटं बोललीस, मंचासमोर माझं तोंड काळं केलंस, असं बरंच. ती ऐकत राहिली. मी दमले तेव्हा म्हणाली, "हाडवैद्याकडं गेली असं सांगितलं असतं, तर तुम्ही पण बोलल्या असत्या, मंग तुझीच चूक."

तिचं खरं होतं. मी तसंच बोलले असते. पहिल्या दिवशी तिने ते सांगितलं असतं, तर दाखल्याचं प्रतिज्ञापत्र करून मी तिला वाटेला लावलं असतं.

"त्याने मालीश केली?"

"नाय. तो हात लावायलाच तयार नव्हता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जीपने त्याच्या पाड्यावर गेलो. म्हातारा अंगणात बांबू तासत बसला होता. काळा कोट पाहिल्यावर त्याने कोयता खाली ठेवला. "मी काय केलेलं नाय, बाय. पोलिसात जायचं नाय मला." मी कोट काढून जीपमध्ये टाकून आले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मग तो हळूहळू बोलायला लागला. तिला आणली तेव्हा बोटं थंडगार होती. त्याने म्हटलं, ह्यात माझं काम नाय. फक्त प्लास्टर कापलं आणि नवऱ्याला म्हटलं, आता पळ, मोठ्या दवाखान्यात ने. कामटी बांधली नाही, तेल लावलं नाही.

"कापलेल्या प्लास्टरचं काय केलंत, बाबा?" हे मी सहज विचारलं. मला उत्तराची आशा नव्हती.

तो आत गेला आणि उभ्या कापलेल्या प्लास्टरच्या दोन पन्हळी घेऊन आला. एकीत लसणीच्या पाकळ्या होत्या, दुसरीत मिरचीचं बी. त्याने दोन्ही सुपात ओतल्या. "एवढी कडक वस्तू कोण फेकतं?"

मी ती दोन अर्धुकं एकमेकांना लावली. पुरती गोल नळी झाली. कुठे फट नाही, पट्टीचा पत्ता नाही. सुजलेल्या हातावर चहूबाजूंनी बंद प्लास्टर, आणि वर निळ्या बॉलपेनने हॉस्पिटलातल्याच कोणीतरी घातलेली तारीख. अर्धं प्लास्टर म्हणे! माझ्या तोंडून एक शिवी गेली, आणि म्हातारा पहिल्यांदा हसला.

मी त्याला फसवलं नाही. म्हटलं, साक्षीला आलात तर समोरचे लोक तुम्हाला हसतील, अडाणी म्हणतील, तुमच्या धंद्यावर बोट ठेवतील. पोलीस येणारच नाहीत असं वचन मी देऊ शकत नाही, पण आले तर तुमचीही वकील मीच. त्याने बराच वेळ कोयत्याची धार बोटाने चाचपली. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "माझ्या नावानं ही हरत असंल, तर येतो मी."

बार रूमने मला वेड्यात काढलं. हाडवैद्याला साक्षीदार करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं, असं सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या भागातला एकही डॉक्टर लेखी मत द्यायला तयार नव्हता. दोघांनी तर माझे फोन घेणंच बंद केलं. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर हातात घेऊन पाहिलं, कागद वाचले आणि मत लिहून दिलं: ताज्या सुजेवर असं बंद प्लास्टर घातलं तर बोटांचा रक्तपुरवठा वारंवार तपासावा लागतो, आणि दुखणं वाढलं तर ते तिथल्या तिथे कापावं लागतं. ते मत आणि हाडवैद्याचं प्रतिज्ञापत्र मी एकत्रच दाखल केलं. कोणाला काय वाटायचं ते वाटो.

समोरच्या वकिलांनी हाडवैद्याची उलटतपासणी मागितली. ती मिळाली २०१८ मध्ये. मंच डहाणूपासून लांब. आम्ही तिघं सकाळच्या गाडीने गेलो. म्हाताऱ्याने धुतलेला सदरा घातला होता. डॉक्टरही आला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"तुम्ही किती शिकलात?" समोरच्या वकिलांनी सुरुवात केली.

"शाळेत नाय गेलो."

"शरीरात रक्त कसं फिरतं, शिकलात?"

"नाय."

"मग हाताला रक्त पोचत नाही, हे तुम्हाला कसं समजलं? देव अंगात आला होता?"

मागे कोणीतरी हसलं. मी हरकत घ्यायला उठत होते, तेवढ्यात म्हातारा दोन पावलं पुढे गेला आणि त्याने वकीलसाहेबांचा हात हातात घेतला. ते इतके चकित झाले की हात मागे घ्यायचंही विसरले. म्हाताऱ्याने त्यांच्या अंगठ्याचं नख दाबलं. "बघा. दाबलं, पांढरं झालं. सोडलं, लाल झालं. तिचं लाल झालं नाय. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. पांढरंच."

मग तो डॉक्टरकडे वळला. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होता. "डाक्टरसाहेब, तुमी दाबून बघितलं होतं का?"

साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. मंचाच्या अध्यक्षांनी त्याला तसं सांगितलं. पण मग त्यांनी केसपेपर मागवले आणि समोरच्या वकिलांना म्हणाले, ही तपासणी यात कुठे लिहिली आहे ते दाखवा. वकीलसाहेबांनी पानं उलटली. एकाच शाईतल्या त्या सुंदर अक्षरात सगळं होतं, तेवढं नव्हतं. डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. मला त्याची दया आली नाही. यायला हवी होती असं लोक नंतर म्हणाले. माझ्या शेजारी ती बसली होती, आणि तिची बोटं अजून मिटलेलीच होती.

आदेश २०१९ मध्ये आला. मी तो घेऊन तिच्या घरी गेले, कारण तो ऑफिसात वाचायचा कागद नव्हता. ओटीवर सासू, नवरा आणि शेजारच्या चार बायका बसल्या. आदेशाची भाषा जड, वाक्यं लांब. मी अर्थ फोडून सांगत गेले: प्लास्टर चुकीचं घातलं, तपासणी केली नाही, दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी तिचीच आहे. हाडवैद्याने प्लास्टर कापल्यामुळे नुकसान झालं नाही, उलट आणखी नुकसान टळायला मदत झाली. आणि मग ते वाक्य: तक्रारदाराकडून कोणताही हलगर्जीपणा झाल्याचं दिसत नाही.

"परत वाचा," ती म्हणाली. मी परत वाचलं. "सासूकडं तोंड करून वाचा." मी तसंही वाचलं. सासूने आतून माझ्यासाठी पाणी आणलं, आणि तांब्या माझ्याऐवजी सुनेच्या डाव्या हातात दिला.

वाईट बातमी मी शेवटी ठेवली होती. डॉक्टर राज्य आयोगात अपिलात जाणार होता. त्याच्या वकिलांनी मला तसं कळवलंही होतं. आणखी काही वर्षं जातील, तारखा पडतील, मुंबईला खेपा होतील, हे सगळं मी तिला सरळ सांगितलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं.

तिने कागद माझ्या हातातून घेतला, उजव्या कोपराने छातीशी दाबून धरला आणि म्हणाली, "मी त्याच्या दारात गेली, तवा त्यानं मला परत धाडली. आता त्याला जायचंय ना? जाऊ दे. मी येते मागनं."