झेंडूखालचा गंज

दसऱ्याच्या सकाळी आईने बंदुकीवरचा झेंडूचा हार उचलला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली. मी ओट्याशी चहा गाळत होते. "गो, जरा हयसर ये," ती हळू आवाजात म्हणाली. आई हळू बोलली की समजायचं, काहीतरी वाट लागली आहे. एरवी तिचा आवाज घाटकोपरच्या आमच्या इमारतीत दोन मजले सहज उतरतो.

नळीवर जिथे जिथे ओली फुलं टेकली होती, तिथे तिथे तांबूस ठिपके उठले होते. कुंकवाचं बोट लावलं होतं तिथे तर गंजाचा टिळाच उमटला होता.

बाबा फौजेतून निवृत्त झाल्यापासून सोन्याच्या एका दुकानाबाहेर पहाऱ्याला उभे राहतात. दुनळी बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची. एजन्सीत नवा साहेब आला होता आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्यांना घरी बसवायला त्याला निमित्तच हवं होतं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तो सगळ्यांची हत्यारं तपासणार होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन बाबांनी दोन वर्षं पुढे ढकललं ते याच भीतीने, की सुट्टीवर गेलो की जागेवर दुसरा येईल. शेवटी धर्मादाय दवाखान्यात जी तारीख मिळाली ती मी घेऊन टाकली. ती नेमकी नवमीची निघाली.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर बाबांची बंदूक आणि आईचं शिलाई मशीन शेजारी शेजारी असतात. पूजा दरवर्षी बाबा करतात. या वेळी ते डोळ्यावर पट्टी बांधून आतल्या खोलीत झोपले होते, वाकायचं नाही आणि उदबत्तीचा धूर नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून आईने केली. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. संध्याकाळी स्वतःचं मशीन तिने नीट पुसून त्याला तेल दिलं. बंदुकीला मात्र हात लावला नाही. नवऱ्याचं शस्त्र, त्यात पूजेत बसलेलं. उत्तरपूजेआधी हलवायचं कसं? बाबा आरती झाल्या झाल्या बंदूक उचलून कोरडी करतात आणि तेलाचा हात फिरवून परत ठेवतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या वेळी ती पुऱ्या तळत असते. ऑक्टोबरची घामट हवा आणि रात्रभर ओला झेंडू. मान ठेवायला गेली आणि घात झाला.

"चिंच आणते," ती म्हणाली. ताम्हण-समई घासायला भिजवलेली चिंच वाटीत होतीच. तिची बोटं वाटीत गेली तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"आई, ते तांब्याचं भांडं नाही. आंबट लावलंस तर गंजाबरोबर नळीचा रंगही जाईल."

"मग काय करू? त्यांना कसं सांगू?"

"मी सांगते."

"नको गो. डोळ्यावर ताण येईल त्यांच्या."

माझ्या स्वभावात लपवाछपवी बसत नाही. शिवाय इलाज त्यांनाच ठाऊक होता. मी आत जाऊन सरळ सांगून टाकलं. बाबा उताणे पडले होते. आई दारात पदर पिळत उभी. मला त्या क्षणी तिचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि बाबा तिला बोलले असते तर मी बाबांशीच भांडले असते.

"खड्डे पडलेत, की वरवरच आहे?" त्यांनी विचारलं.

"वरवर दिसतंय."

"मग रडताय कसल्या? आणा इकडे."

पाठीला उशी लावून ते बसले. एक डोळा पट्टीखाली, दुसऱ्यात मोतीबिंदू अजून तसाच. आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते बघायला लावलं. काडतुसं कपाटात कुलपात होती हे तिघांनाही माहीत होतं, तरी बघायला लावलं. मग म्हणाले, "तेल." बंदुकीच्या तेलाची बाटली उघडली तर तळाशी नुसता ओशटपणा. आईने शिलाई मशीनची तेलाची कुपी आणून माझ्या हातात ठेवली. बाबांनी वास घेतला. "चालेल. पातळ आहे तेच बरं."

ठिपक्यांवर तेल लावून थांबायचं होतं. थांबणं हेच मला जमत नाही. "मुरू दे," बाबा म्हणत, "लोणच्याला थांबतेस ना?" मग नळीखालची लाकडी मूठ उतरवून, आतल्या बाजूला जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे आधी चिंदी घासून बघायला सांगितलं. चिंदी म्हणजे फौजेतलं बंदूक पुसायचं मऊ फडकं. आमच्या घरी हा शब्द दुसऱ्या कशाला वापरायची सोय नाही. रंग शाबूत राहिला तेव्हा मी ठिपक्यांकडे वळले. लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. चिंदी तपकिरी होत गेली. मी घाईने जोर लावला की त्यांना ऐकूनच कळायचं. "भांडी घासते आहेस काय? पांढरं दिसायला लागलं तर संपलं सगळं."

कुंकवाखालचा टिळा मात्र हटेना. माझा धीर सुटत चालला होता. "देव्हाऱ्यात तांब्याचा जुना पैसा आहे," बाबा म्हणाले. "तांबं मऊ, ते पोलादाला ओरखडत नाही. गंजाला मात्र खरवडतं." आईने देवाला नमस्कार करून पैसा उचलला. तेलात बुडवून, कड आडवी धरून मी तो हळूहळू फिरवला. बाबा मधूनच पुढे होऊन चिंदीत बोट गुंडाळून ती जागा चाचपत. "खरखर लागते अजून." पुन्हा तेल, पुन्हा पैसा. मग एकदा त्यांचं बोट त्या जागेवरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. "लागत नाही काही," ते म्हणाले.

मी कोरडं पुसून तेलाचा शेवटचा पातळ हात दिला आणि खिडकीशी धरलं. ठिपका नाही, ओरखडा नाही. मला हसूच फुटलं. आईने विचारलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघून ती पुऱ्या लाटायला गेली. सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात पट्टी निघाली. घरी आल्यावर काळा चष्मा कपाळावर सरकवून बाबांनी बंदूक मागितली आणि दिव्याखाली नेली. इतका वेळ बघत राहिले की आईचा चेहरा पुन्हा उतरला.

"ही निळी आहे," ते म्हणाले.

"मग? निळसर काळीच आहे ती. पहिल्यापासून."

"मला करडी दिसायची. वाटायचं, पुसून पुसून मीच हिचा रंग घालवला." त्यांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली. "दोन वर्षं तपासणीला भीत भीत जायचो. कोणाला बोललो नाही."

आई खुर्ची ओढून बसली. "आणि मी येडी, सकाळपासून मरतंय," ती म्हणाली, आणि दोघंही हसायला लागले. मला मात्र रडू आलं.

तपासणीत नव्या साहेबाने नळी उजेडात धरून पाहिली आणि मुकाट्याने परत दिली. त्या दिवशी बाबा घरी आले, बूट काढले आणि मला म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे."

आतून आई म्हणाली, "घे, पण नवमी सोडून."