नानांचे चार दात आणि कॉम्प्युटरचा पाहुणचार

नानांचे दात मंगळवारी काढायचे ठरले होते, म्हणून त्यांचं भजन सोमवारीच रेकॉर्ड होणं भाग होतं. तोंडात उरलेच होते चार, तेही पुढचे. ते गेले की शब्दांच्या जागी नुसती हवा येणार, हे नानांनीच सांगितलं होतं.

नाना म्हणजे मिलमध्ये आमच्या ह्यांच्या खात्याचे जॉबर, ह्यांचे वरिष्ठ. परदेशीपुऱ्यात त्यांचं भजनी मंडळ होतं. मिलला कुलूप लागलं आणि मंडळ पांगलं. कोणी मुलाकडे गेलं, बरेचसे जवळच्या हातोद गावी शेतीवर. जाताना सगळ्यांचं एकच मागणं, "नाना, तुमच्या त्या भजनाची कॅसेट तरी द्या!"

आमचे हे फिटर. मशीन बंद पडलं की ह्यांना बोलावत. मिलच बंद पडली, तेव्हा कोणी बोलावलं नाही! मग ह्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणि माइक आणला आणि पुढच्या खोलीला स्टुडिओ म्हणू लागले. (मागच्या खोलीला मी स्वयंपाकघर म्हणते. तिसरी खोली नाही.)

रविवारी हे सगळं जुळवत बसले, तर पडद्यावर एक चौकट उगवली.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"व्हर्च्युअल मेमरी कम है, म्हणतोय."

"म्हणजे?"

हे एकदम खुलले. मिल सुटल्यापासून ह्यांना कोणी काही विचारतच नव्हतं! "हे बघ, ह्याचं डोकं लहान. डोक्यात मावलं नाही की हा सामान डिस्कवर नेऊन ठेवतो. तिथे त्याच्यासाठी किती जागा राखायची, ते आपण सांगायचं."

"म्हणजे पाहुण्यांसारखंच की!"

"बिलकुल! मग किती देऊ?"

आता आमच्याकडे पाहुणे आले की पुढची खोली पूर्ण त्यांची आणि आम्ही बाहेर ओट्यावर. लग्न होऊन आले तेव्हापासून हीच रीत. मी म्हटलं, "अर्धवट काय द्यायची? सगळी देऊन टाका!"

ह्यांनी दिली. चौकट नाहीशी झाली! ह्यांनी दोन ओळी म्हणून पाहिल्या, त्याही झकास आल्या. "चौथीत शाळा सुटली तुझी, नाहीतर इंजिनीअर झाली असतीस," हे म्हणाले. रात्रीच्या पोळ्या माझ्यापेक्षा कमी फुगल्या.

सोमवारी नाना आले. मी दाराआड. वीस वर्षांत नानांपुढे मी चहा सरकवला होता, शब्द एकही काढला नव्हता. हे हेडफोन लावून, डोळे मिटून ताल धरून बसले. नानांनी स्वतः रचलेलं भजन सुरू केलं, "चला जाऊ देवाच्या दारी..." अंगावर काटा आला हो! आणि मिनिटभरात पडद्यावर चौकटही आली!

मला इंग्रजी येत नाही, पण चौकट कळते. बोलायची तर सोय नाही. मी हात हलवला. पदर हलवला. शेवटी झारा हलवला! ह्यांनी एक डोळा उघडला आणि दोन बोटं दाखवली. दोन चहा! मी चहा ठेवला. (दुसरं काय करणार?)

भजन संपलं. ह्यांनी पडद्याकडे पाहिलं. "अरे यार! एकच मिनिट आलंय! डिस्कवर जागाच नाही!"

"जागा गेली कुठे भिया?" नानांनी विचारलं. (नानांना सगळेच भिया, म्हणजे भाऊ.)

"सगळी पाहुण्यांना देऊन बसलो, नाना!"

"कौन पाहुणे?" नाना खोलीभर बघू लागले.

ह्यांनी पाहुण्यांची जागा कमी केली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. नाना गाल धरून म्हणाले, "बस, आता एकच बार गाईन. हिरड्या ठणकतायत." मी दाराआड मनाशी ठरवलं, या खेपेला पडद्यावर काहीही झालं, तर लाज गुंडाळून ठेवून ओरडायचं.

नाना आधीपेक्षाही सुरेख गायले. शेवटची ओळ घोळवून घोळवून म्हणत होते आणि मी बघते तर काय, अख्खा पडदाच काळा ठिक्कर! साधी चौकटसुद्धा नाही!

"अहो, थांबा! सगळं गेलं!"

हा माझा आवाज होता. नानांनी दचकून तोंड मिटलं ते असं जोरात, की चारातला एक दात तळहातावर आला! हे ताडकन उठले, त्यांचा हात माउसला लागला आणि पडदा उजळला.

"अगं, कोणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो! सब ठीक है! सगळं रेकॉर्ड झालंय!"

सगळं म्हणजे सगळं. मीसुद्धा.

"मला काढून टाका ना त्यातून," मी कुजबुजले.

"कशी काढू? तुझ्या ओरडण्यात नानांची शेवटची ओळ अडकलीय."

नाना हातातला दात निरखत होते. "राहू दे भिया. डॉक्टरचं काम एका दातानं कमी झालं. और सूनबाईला आवाज आहे, हे वीस वर्षांनी तरी कळलं!"

कॅसेटी भरून मंडळातल्या सगळ्यांकडे गेल्या. पुढे हातोदहून मंडळातले एक गृहस्थ आले, तेव्हा कळलं, तिथे दर एकादशीला ती लावतात. "चला जाऊ देवाच्या दारी" झालं की सगळे टाळ्या वाजवत एकसुरात ओरडतात, "अहो, थांबा! सगळं गेलं!" त्यांना वाटतं, नानांनीच रचलंय.

मी अजूनही नानांपुढे दाराआडूनच चहा सरकवते. फार लाजाळू बाई आहे मी. हातोदला कोणालाही विचारा!