नांगरलेली बंडीवाट

२ जून १९५९, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत ही वेळ मी स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि निवृत्तीनंतरही ती सकाळ माझ्या मनातून उतरलेली नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. विज्ञानाची पदवी घेऊन फौजदार झालेली आणि प्रत्येक गोष्ट मोजून पाहण्याची सवय असलेली.

समोर बसलेली बाई बाभुळगावकडच्या एका खेड्यातील होती. धम्मदीक्षा घेतलेले कुटुंब. तिच्या नवऱ्याने वर्षापूर्वी चार एकर जमीन विकत घेतली होती, तीही दुसऱ्याच्या शेताच्या, वावराच्या मागची. आता तो पाच दिवसांपासून बेपत्ता होता.

"पुढच्या वावराचा मालक म्हनते, तो पुसदले बैल आनाले गेला," ती म्हणाली. "बैल आनाले जानारा मानूस दावं घरी ठेवून जाते का, बाई?"

मी खरेदीखत पाहिले. चतुःसीमा बिनचूक होत्या. वाटेचा उल्लेख नव्हता. पुढच्या वावरातून मागे जाणारी बंडीवाट, म्हणजे बैलगाडीची वाट, साऱ्या गावाला रोज दिसत होती, म्हणून ती कागदावर घ्यावी असे कोणालाच सुचले नाही. पहिल्या पेरणीलाच पुढच्या मालकाने बंडी अडवली. वर्षभर भांडण चालले. आणि चार दिवसांपूर्वी त्याने ती वाट नांगरून टाकली होती.

त्या मालकाला ठाण्यावर बोलावले. पन्नाशीचा, स्वच्छ धोतर, आवाज शांत.

"वाट? कायची वाट? माह्या बापाच्या वेळेपासून तिथं कापसाची पऱ्हाटीच हाय."

"तो पुसदला गेला हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"त्यानंच."

"वर्षभर तुमच्याशी भांडणारा माणूस तुम्हाला सांगून गेला?"

"भांडते म्हनून मानूस बोलत नाही काय? तुमचं लगन नाही झालं वाटते, बाई."

हवालदाराने हसू लपवण्यासाठी मान खाली घातली. मी जबाब लिहून घेतला.

वहिवाटीच्या तंट्याचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, तर आधी वाट होती हे सिद्ध करणे आवश्यक होते. वर्षानुवर्षे बंडीच्या चाकांनी दाबलेली काळी माती नांगराने फक्त वरून उलटते. खालचा थर तसाच कठीण राहतो. तीन फुटांच्या लोखंडी गजावर कानशीने इंचांच्या खुणा केल्या, दोन पंच घेतले आणि दुपारच्या आत वावर गाठले.

वळीव पडून गेल्यामुळे इतरत्र गज पंधरा इंच जात होता. जुन्या वाटेच्या रेषेवर तो सात इंचांवर थबकला. दर पावलाला मी गज रोवत होते, हवालदार आकडा मोठ्याने म्हणत होता. ती बाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच उभी होती. वावरात पाय ठेवला तर पाय तोडीन, अशी धमकी तिला मिळालेली होती.

"गाजरं शोधून राह्यल्या काय, बाई?" मालक माझ्या मागेमागे चालत होता.

विसाव्या पावलानंतर त्याचे विनोद थांबले. सव्विसाव्या पावलाला तो म्हणाला, "लिहून घ्या. वाट होती. मीच मोडली. अंगठा देतो. आता कायले टोचून राह्यल्या?"

"झालं, बाईसाहेब," हवालदार घाम पुसत म्हणाला. "कबूल झाला तो. ऊन चढून राह्यलं, चला."

भीती मला त्या क्षणी वाटली. वर्षभर गावासमोर आणि त्याच सकाळी ठाण्यात जी गोष्ट या माणसाने नाकारली, ती त्याने कोणी न विचारता देऊन टाकली होती. बदल्यात त्याला एवढेच हवे होते की मी पुढे जाऊ नये. तो माझ्या पाठीमागे दोन हातांवर होता, त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

सत्तावीस, सात. अठ्ठावीस, सात. हवालदाराचा आवाज बारीक होत गेला. बत्तीस, सात.

तेहतिसाव्या पावलाला गज थांबलाच नाही. नेहमीचा भार दिल्यामुळे माझा तोल गेला आणि मुठी ढेकळांवर आपटल्या. मागे कुऱ्हाड मातीत पडल्याचा आवाज आला. मालक खाली बसला होता.

धुऱ्यावरून तिने विचारले, "बाई, किती गेला?"

मी गज वर ओढला आणि माती कुठवर लागली ते मोजले.

दंडाधिकाऱ्यांसमोर जागा उकरली गेली आणि तिचा नवरा सापडला. वाटेवरच वाद झाला, मालकाने त्याला मारून वाटेवरच पुरले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच नांगर धरला. वाट मोडली म्हणून गाव शिव्या देईल, याची मालकाला खात्री होती. त्या शिव्यांच्या आड कोणी काही शोधणार नाही, याचीही. पुढे त्याला जन्मठेप झाली.

माणूस मोठा गुन्हा झाकण्यासाठी लहान गुन्हा पुढे करतो, हे मी तिथे शिकले. त्यानंतरच्या सर्व चौकशांत नकारापेक्षा अवेळी आलेला होकार मी अधिक काळजीने तपासला. त्या बाईला मात्र तिच्या प्रश्नाचे उत्तर मी कधीच तोंडाने देऊ शकले नाही. पंचनाम्यात माझ्या अक्षरातील शेवटची ओळ आहे:

पाऊल तेहतीस. खोली चौतीस इंच.