आधी आपला डोळा, मग पेशंटचा

बसवराज डोळ्यांचा डॉक्टर नव्हे, नेत्र सहायक. बीडजवळच्या त्या सरकारी दवाखान्यात पंधरा वर्षं तो दर बुधवारी इंटर्न पोरापोरींना शिकवत आलेला. पापणी उलटवायची कशी, थेंब टाकायचा कसा, बॅटरी मारून बाहुली बघायची कशी. त्याचा नियम एकच: आधी आपला डोळा, मग पेशंटचा. ज्यानं स्वतःची पापणी उलटवून घेतली नाही, त्यानं दुसऱ्याच्या पापणीला हात लावायचा नाही. त्यामुळे बुधवारी पेशंटपेक्षा डॉक्टरांचेच डोळे जास्त लाल दिसत.

आता हा बुधवारच जायच्या बेतात होता. नव्या प्रमुख डॉक्टर सत्यशीला मॅडमचं म्हणणं, शिकवणं हे डॉक्टरांचं काम. तरी येत्या बुधवारी बारा वाजता येऊन बघते, मग ठरवते. तेव्हापासून बसवराजला भाकरी गोड लागेना. पगार तोच राहणार होता, टेबलही तेच. पण आठवडाभर सगळे त्याला नुसतं 'बसवराज' म्हणत. 'सर' म्हणणारी माणसं फक्त बुधवारी भेटत, आणि त्या 'सर'वर गड्याचा भारी जीव.

म्हणून त्या दिवशी तो जरा जास्तच रंगात आला. एरवी उभा राहून प्रत्येक थेंबावर नजर ठेवायचा. आज मॅडमना दिसावं, की सर स्वतःही पेशंट होतात, म्हणून खुर्चीत जाऊन बसला. सहा इंटर्नच्या तीन जोड्या समोरासमोर बसवल्या. बाहुली मोठी करायचं औषध, फक्त उजव्या डोळ्यात, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तिथंच. पहिला थेंब सगळ्यांचा बिनबोभाट पडला. दुसऱ्या वेळी बसवराज डोळे मिटून मॅडमपुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होता. दिंद्रुडच्या बागायतदाराचा अमरसिंह, हुशार पण घाईचा, त्यानं आपल्या उजव्या हाताकडचा डोळा धरला. तो समोरच्याचा डावा. त्याचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं. शेवटी अमरसिंह सरांकडे वळला. डावा डोळा चुरचुरला तसा बसवराज ताडकन उठला, पण तोवर बाकी सगळे कापसानं गाल पुसत होते.

बारा वाजता मॅडम आल्या तेव्हा सातही जण खिडकीच्या उजेडाला हात आडवा धरून उभे. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या जांभळाएवढ्या, जवळचं काही दिसेना. बाहेर चाळीस पेशंट बसलेले. मॅडमनी रजिस्टर बसवराजच्या हातात दिलं आणि पहिलं नाव पुकारा म्हणाल्या. त्यानं ते हातभर लांब धरलं. मग दवाखान्यातल्या छबुबाई मावशींच्या हातात देऊन त्यांना मागं मागं सरकायला लावलं. मावशी भिंतीला टेकल्या तेव्हा अक्षरं स्पष्ट झाली, पण मुंगीएवढी.

अमरसिंह सगळं औषधावर ढकलायला लागला. बसवराजनं त्याला थांबवलं.

"मॅडम, चूक माझी हाय. उभं राहून बघणं माझं काम. मी तुमाला दाखवायला खुर्चीत बसलो."

पेशंटच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून काय करणार, मॅडमनी विचारलं. सात शिकलेल्या माणसांच्या आधी मावशीच बोलल्या, "आमच्या पाली गावात दोघांच्या शेळ्या मिसळल्या की रंगाचा ठिपका लावतेत. ह्यास्नी लावा की."

रंग कुठला आणायचा? पण लिंगायताचा खिसा, विभूतीची डबी असायचीच. बसवराजनं प्रत्येकाला आधी आपला उजवा डोळा बोटानं दाखवायला लावला आणि चाचपडत त्या भुवईवर विभूतीचं बोट ओढलं. मग पेशंटनाही. मोहनराव नावाच्या म्हाताऱ्यानं हट्ट धरला, की देवाचं आहे तर अर्ध्याच कपाळाला का म्हणून, दोन्हीकडं लावा. त्यांना आवरता आवरता मॅडमचा घसा बसला. चाळीसच्या चाळीस पेशंट त्यांनी एकटीनं तपासले. बाकावर बसलेल्या बसवराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अडीच वाजता मॅडम त्याच्यासमोर येऊन थांबल्या.

"पुढच्या बुधवारी खुर्चीत मी बसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही उभं राहायचं. आणि आधी माझ्या भुवईवर विभूती."

बसवराजनं डोळे ताणून त्यांचा चेहरा बघितला. नुसता धुरकट गोळा. शाबासकी म्हणावी की टोमणा, कळेना. मॅडम रागावल्यात का, त्यानं हळूच मावशींना विचारलं.

"हसायल्यात, सर," मावशी म्हणाल्या.