डाव्या हाताचं पिस्तूल

दिवाळीनंतर उधन्याच्या एका एअर पिस्तूल क्लबमध्ये नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी फॉर्म भरताना चूक केली… ती चूक होती हे कळायला दोन महिने गेले.

फॉर्मवर विचारलं होतं, कोणत्या हाताने नेम धरणार? मी लिहिलं, उजव्या. पेन उजव्या हातात होतं, दुसरं काही सुचलंच नाही.

मी लिंबायतच्या एका शाळेत शिकवते. वय एकोणचाळीस. पिस्तूल कशासाठी, असं सगळ्यांनी विचारलं. खरं उत्तर एवढंच की दहा मीटरवरच्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिलं की काय होतं, ते मला बघायचं होतं.

क्लबकडे एक नवं पिस्तूल आहे. त्याची लाकडी मूठ उजव्या तळव्यासाठी कोरलेली… हात आत घातला की मोजा घातल्यासारखा बसतो. तरी माझे छर्रे कागदभर पांगायचे. शंभरपैकी एकोणऐंशीच्या वर मी कधी गेले नाही.

आमचे कोच वानखेडे सर अकोल्याचे, फौजेतून निवृत्त. एक दिवस ते माझ्या मागे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मान काऊन वाकडी करता?”

मला माहीतच नव्हतं की मी मान वाकडी करते.

सरांनी दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायला लावली आणि तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग एकेक डोळा मिटायचा. डावा मिटला की घड्याळ गायब… म्हणजे माझा नेमाचा डोळा डावा, आणि त्याला पिस्तुलापर्यंत न्यायला मान वाकडी होत होती.

भाजी कोणत्या हाताने चिरता, असं त्यांनी विचारलं. डाव्या. केस? डाव्या. दाराची कडी? तीही डाव्या. लिहिता? उजव्या.

“मग तुम्ही डावखुऱ्याच आहात,” सर म्हणाले. “लिहिणं कोणीतरी शिकवलं तुम्हाले.”

घरी येऊन आईला विचारलं. ती घरी कामाला आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती. आठवत नाही म्हणाली, आणि पुढची साडी ओढली.

आता प्रश्न पिस्तुलाचा होता. नव्या पिस्तुलाची मूठ डाव्या हातात धरली की सगळे उंचवटे उलट्या बाजूला येतात, बोटांना रुततात. दुसरं पिस्तूल जुनं, दोन्ही बाजूंनी सारखी साधी मूठ असलेलं. कोणत्याही हातात बसतं, पण कोणत्याच हातात नीट नाही. ट्रिगरही जड.

त्यातच जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी महिलांच्या टीममध्ये एक जागा रिकामी झाली. तीन आठवड्यांनी निवड. सर म्हणाले, उजव्यानेच खेळलात तर ओळखीचं पिस्तूल, थोडी आशा आहे… डाव्याने म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. विचार करून सांगा.

मला ती जागा हवी होती. पण या हाताने काय होतं, तेही बघायचं होतं. मी जुनं पिस्तूल घेतलं.

पहिला आठवडा वाईट गेला. छर्रा भरायला आता उजवा हात, आणि तो गोंधळायचा. पण मान सरळ झाली. ट्रिगर दाबताना मी आता श्वास धरून ठेवत नाही, हेही एका दुपारी लक्षात आलं.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. उजव्या हाताचे सगळे नेमबाज डावीकडे तोंड करून उभे राहतात, रांगेत एकामागे एक. डावखुरा उलटा उभा राहतो. म्हणून सर मला उजव्या टोकाला ठेवायचे, माझ्यासमोर फक्त भिंत.

निवडीच्या रविवारी त्या टोकाची टार्गेट ओढायची मोटर बंद पडली. मला मधली जागा मिळाली, आणि माझ्या बरोबर समोर जिज्ञासाबेन, माझ्याकडे तोंड करून… त्याच जागेसाठी आलेल्या. कापडाच्या दुकानातून थेट आल्या होत्या, ओढणी कमरेला खोचलेली.

त्या हळूच गुजरातीत म्हणाल्या, “मारी सामे नहीं, कागद सामे जोजे हं.” माझ्याकडे नाही, कागदाकडे बघ.

दोघी हसलो. मग दहा छर्रे. दर वेळी हात खाली आणला की त्यांचा चेहरा दिसायचा, ओठ घट्ट मिटलेले.

त्यांचे शहाऐंशी. माझे चौऱ्याऐंशी.

जागा त्यांना मिळाली. सरांनी माझा कागद बोटाने चाचपला. सगळी भोकं एका वाटीत मावतील इतकी जवळ होती. नव्या पिस्तुलाला डावी मूठ मिळते का विचारून बघतो, एवढंच बोलले.

घरी आईला सांगितलं, चौऱ्याऐंशी झाले, हरले. कोणत्या हाताने, तिने विचारलं. डाव्या. उजव्याने किती व्हायचे? तेही सांगितलं.

तिने हातातल्या साडीचा शेवटचा धागा कापला. मग कात्री खाली ठेवली आणि आमच्या अहिराणीत सांगू लागली. शाळेत घालायच्या आधी सहा महिने तिने माझा डावा हात जुन्या साडीच्या चिंधीने बांधून ठेवला होता. लोक देवाच्या ताटावरून बोलायचे, लग्नाचं बोलायचे. मी रडले नव्हते, म्हणाली. तेच तिला अजून आठवतं.

 तिच्यावर राग येतोय का ते शोधलं… सापडला नाही.

पुन्हा कात्री उचलत ती म्हणाली, “पुढला ऐतवारले मी येसू. तुना डावा हात देखसू.”

येत्या रविवारी आई रेंजवर येते आहे. वानखेडे सरांना एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे.