राणीचं ब्लड प्रेशर

"एकशे ऐंशी," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या दंडाचं फडकं सोडून त्यांनी पुन्हा गुंडाळलं. पुन्हा एकशे ऐंशी. मग त्यांनी दुसरा दंड मागितला. मी तेव्हा नऊवारी शालू, खोटा अंबाडा आणि नाकात नथ अशा थाटात साताऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. चोळीची बाही वर सरकवायची वेळ आली तेव्हा कंपाउंडर लाजून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दंडानंही तोच आकडा सांगितला. पारा असा सरसरत चढला की नळी फोडून कौलाला लागतो की काय असं वाटलं.

"वय काय या मुलीचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुलगा हाय त्यो. पंधरा," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. आधी मुलगा आहे याची खात्री केली, मग आजार सांगितला. "याला हाय ब्लड प्रेशर म्हणतात." म्हणजे रक्त शिरांमधून वाहताना शिरांच्या भिंतींना जो रेटा देतं, तो प्रमाणाबाहेर जाणं. मोटेच्या पाण्याला जोर आला की पाटाची कड कुठं फुटेल ते सांगता येत नाही, तसंच हे. डोक्यात फुटेल, डोळ्यांत फुटेल, नाहीतर काळीज थकेल. हा म्हाताऱ्यांचा आजार. पंधराव्या वर्षी तो आला तर त्यामागं काहीतरी कारण दडलेलं असतं आणि ते हुडकावं लागतं.

मामाच्या चेहऱ्यावर मात्र अभिमान उजळला. "म्हंजी पोरात रक्त लय हाय म्हणा की."

"रक्त जास्त नाही. दाब जास्त आहे."

"त्येच की. आवं, रोज दोन शेर दूध पितंय. आमच्या घराण्यात समद्यांचंच आसं आसंल. माझं बगा बरं."

मामाचं एकशे वीस भरलं. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

हा मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात त्याची हौशी नाटक मंडळी होती. पेटी तो वाजवायचा, पडदे तो रंगवायचा, आणि त्याच्या नाटकातली राणी मी होतो. माझ्या आवाजाचं मी स्वतः काय सांगावं? एवढंच सांगतो, की जोंधळ्याच्या रानात पाखरं राखायला मला कुणी बसवत नसे. मी गायला लागलो की पाखरं उडायची सोडून कणसावर बसून ऐकत, आणि जाताना शेजारच्या रानातल्या पाखरांना घेऊन येत.

पण चौदावं सरलं आणि आवाज चिरकू लागला. मामानं कंबर कसली. गार पाणी बंद, ताक बंद, चिंच बंद, आणि तोंडात अष्टौप्रहर ज्येष्ठमधाची काडी. घसा साफ ठेवते म्हणून गावातले सगळे गाणारे ती चघळायचे. ते एखादी चघळत, राणीला मूठभर. सहा महिने आवाज खरंच टिकला. मग डोकं दुखू लागलं. पाय सुजले, तोडे चढेनात. त्या दिवशी साताऱ्याला आमचा खेळ होता, त्याची दुपारी रंगीत तालीम होती. मी सिंहासनावर बसलो आणि उठायचं म्हटलं तर मांड्यांत जीवच नाही. प्रधानानं ओढलं, राजानं ढकललं. बघणाऱ्यांनी टाळ्या दिल्या, राणी काय रुसली म्हणून. तिथून चौघांनी उचलून मला तसंच दवाखान्यात आणलं होतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात दाखल झालो. सोबत आई. ती आवारात तीन दगडांच्या चुलीवर माझं जेवण रांधायची, आणि ते अळणी. मीठ अंगात पाणी धरतं आणि दाब वाढवतं, म्हणून पहिल्याच दिवशी मीठ तोडलं. अळणी आमटी काय असते हे ज्यानं ती खाल्ली नाही त्याला सांगून कळणार नाही. चौथ्या दिवशी मी स्वतःचा घाम चाटून पाहिला.

तपासण्या सुरू झाल्या. लघवी तपासली, कारण किडनी म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की पोरांचं प्रेशर चढतं. ती चांगली निघाली. डोळ्यांत बत्ती मारून आतला पडदा पाहिला. काळजाला नळी लावून तिथले डॉक्टर इतका वेळ ऐकत बसले की मला वाटलं आत एखादं पद चाललंय. सगळं ठीक. मग पडून राहायचं. उठायचं नाही, गायचं तर अजिबात नाही. सकाळ-संध्याकाळ पारा चढायचा आणि एकशे ऐंशीवर जाऊन बसायचा, जसा काही त्यानं तिथं भाड्यानं खोली घेतली होती.

"घरचं काही औषध घेतोस?" डॉक्टरांनी तीनदा विचारलं.

मी तिन्ही वेळा नाही म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. ज्येष्ठमधाला आमच्याकडं कुणी औषध म्हणत नाही. तो घशासाठी असतो. एक दिवसाआड सायकल हाणत मामा यायचा आणि नवी जुडी उशीखाली सरकवून जायचा.

शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तर होते. त्यांनाही हाच आजार, फक्त त्यांचा पाट फुटला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात निकामी. दिवसभर त्यांना काहीतरी सांगायचं असायचं. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. त्यांची बायको एकेक शब्द सुचवायची, "पाणी? उशी? पोरं?" आणि ते मान हलवत राहायचे. मी विनोद करून अख्खा वॉर्ड हसवला, पण त्या खाटेकडं बघताना माझ्याकडं विनोद नसायचा.

बाराव्या दिवशी डॉक्टर आईला म्हणाले, "मुंबईला न्यावं लागेल." गावच्या जत्रेला तेव्हा दोन महिने होते. मामाला जत्रा दिसत होती, आईला मी.

तेराव्या दिवशी सकाळी नर्सबाई डॉक्टरांसमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अथणीकडच्या त्या, बोलणं कसं खणखणीत.

"ह्या खाटेखाली उंदरांनी घर केलंय की हो. रोज पसाभर काटक्या झाडते मी."

डॉक्टरांनी खाली वाकून चघळलेली एक काडी उचलली. वास घेतला. जिभेला लावली.

"ही काय आहे?"

"ज्येष्ठमध."

"किती खातोस?"

"जास्त न्हाई," मी म्हणालो. "रोजची मूठभर."

डॉक्टर माझ्याच खाटेवर बसले. मग म्हणाले, "पोटातल्या व्रणावर, म्हणजे अल्सरवर, याचा अर्क घेणाऱ्यांचे पाय सुजतात, असं आमच्यात बोललं जातं. हा अंगात मीठ धरून ठेवत असावा. आम्ही आमटीतलं मीठ काढलं आणि तू उशीखालून भरत राहिलास. नक्की सांगत नाही मी. पण आजपासून एकही काडी नको. बघू."

मामा दुपारी आला तो जुडी घेऊनच. ऐकून हबकला. "आवं डाक्टर, काडी सुटली तर आवाज गेला. आवाज गेला तर राणी गेली. जत्रा तोंडावर आलीया."

"आवाज वयानं फुटतो. आज नाहीतर उद्या फुटणारच आहे. काडीनं तो थांबत नाही."

"सा म्हैनं थांबलाय की."

आई कधी थोरल्या भावापुढं बोलायची नाही. त्या दिवशी ती चुलीवरची पळी हातात घेऊन तशीच आत आली होती. "दादा," ती म्हणाली, "तुझी राणी नाटकात मेली तर दुसऱ्या खेळाला पुन्हा उभी ऱ्हाती. ह्यो ऱ्हाईल का?"

मामानं जुडी नर्सबाईंच्या हातात दिली आणि सायकलीवर न बसता ती हातात धरून चालत गेला.

आता खरं सांगतो. एक काडी मी उशीच्या अभ्र्यात लपवली होती. दोन दिवस ती मला टोचत राहिली. आवाजाशिवाय मी कोण, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या बायकोनं सकाळपासून शब्द सुचवले आणि एकही जुळला नाही. शेवटी दोघंही रडली. मी काडी काढून नर्सबाईंना दिली.

पाचव्या दिवशी मी पाणी मागितलं आणि वॉर्डात रेडा शिरला असं समजून दोन पेशंट उठून बसले. तो माझा आवाज होता. मी तोंडावर पांघरूण घेतलं. पण त्याच संध्याकाळी पारा एकशे सत्तरला थांबला. पुढच्या आठवड्यात दीडशे. पाय उतरले, घोट्यांची हाडं दिसू लागली. मी भिंत धरून दारापर्यंत गेलो, मग भिंत सोडून. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी पारा पाहिला, परत पाहिला, आणि एकशे वीस म्हणाले.

"मामाएवढं," आई म्हणाली, आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

घरी जायच्या दिवशी मामा बैलगाडी घेऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, "आता गा. मी परवानगी देतो."

मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह धरला. मग डोळे मिटून नांदी सुरू केली. आवाज पायातून यावा तसा आला, जाडा आणि ओबडधोबड, दोन ठिकाणी फाटलाही. पण अख्खा वॉर्ड भरून गेला. मास्तर डाव्या हातानं खाटेच्या दांडीवर ठेका धरत होते, आणि तो अगदी अचूक होता.

मामा ऐकत होता. नांदी संपल्यावर त्यानं माझ्या पाठीत थाप मारली. "राजा झकास मिळाला गड्या," तो म्हणाला. "पण राणी कोन व्हनार?"

वॉर्डातल्या झाडून सगळ्यांनी मामाकडं पाहिलं. त्याचा हात हळूच मिशांवर गेला.

जत्रेत त्यानं त्या मिशा काढल्या. त्याच्या राणीचं रूप काय वर्णावं. हसून हसून पंचक्रोशीतल्या सहा जणांच्या बरगड्या मोडल्या असं म्हणतात, मी चारच मोजल्या. पण शेवटच्या प्रवेशात त्यानं राजा झालेल्या माझ्या पायावर डोकं ठेवून क्षमा मागितली तेव्हा ते संवाद नाटकात नव्हते, आणि मंडपात कुणी हसलं नाही.

तुमच्या घरात एखादं पोर डोकं दुखतं म्हणत असेल, तर वय कमी म्हणून हसण्यावारी नेऊ नका. दंडाला फडकं बांधू द्या. आणि डॉक्टरांनी विचारलं, काय खातोस, तर औषध तेवढंच सांगू नका. उशीखालचंही सांगा. मी सांगितलं नाही, ते एका बाईनं झाडून काढलं. तिच्या त्या केरसुणीमुळं मी आजही दोन्ही पायांवर उभा राहून खोटं बोलू शकतो.