खलफने खाली ठेवलेला पेला

वाळवंटातल्या उम्म सिद्र गावच्या इस्पितळाचा इतिहास डॉक्टरांपासून सुरू करावा, असं कुणीही म्हणेल. मी तिथे औषधांच्या खिडकीत बसून म्हातारा झालो, आणि मला तरी खलफपासून सुरुवात करावीशी वाटते. चुकत असेन. पण डॉक्टर येत आणि बदली करून घेत. कॉफी देणारा खलफ कुठे गेला नाही.

इस्पितळ म्हणजे आधी चार खाटा. आमच्याकडे एक माणूस आजारी पडला की त्याचं सगळं कूळ भेटायला येतं. न येणं म्हणजे भांडण, आणि आलेल्याला कॉफी न देणं म्हणजे त्याहून मोठं भांडण. त्यामुळे इस्पितळाची पहिली वाढ झाली ती अंगणातल्या तंबूची. पुढे तंबूच्या जागी भिंतींची बैठक उभी राहिली, गाद्या-लोड आले, कॉफी भाजायला वेगळी खोली आली. शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी आलेल्या फरश्या बैठकीत जास्त शोभतील, असं समितीचे अध्यक्ष शेख जद्दूअ यांचं मत पडलं. त्यांच्यानंतर दुसरं मत पडायची आमच्याकडे पद्धत नाही. खाटा चारच राहिल्या. राजधानीतल्या अहवालात मात्र इस्पितळ दुपटीने वाढत होतं.

खलफला यात वावगं काही दिसत नव्हतं. तो रोग्याची तब्येत बैठकीवरून ओळखायचा. सकाळीच किटल्या रिकाम्या झाल्या की मला हळूच सांगायचा, म्हातारा काही आता उठत नाही.

मग त्याची बायको फिद्दा आजारी पडली. आडवी झाली की तिला श्वास पुरेना. शहरातून नव्याने आलेल्या डॉक्टर लमीसने तपासून सांगितलं, हिला इथेच ठेवायला हवं, नाहीतर वाचणं अवघड आहे. पण चारही खाटा भरलेल्या. फिद्दाला व्हरांड्यातल्या बाकावर टेकवलं, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर. दार उघडलं की वाळूचा वारा थेट तिच्या तोंडावर.

त्याच आठवड्यात बैठकीच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. मधोमध मोठं काचेचं झुंबर, आणि राजधानीहून मोठे साहेब येणार. डॉक्टरने शेखना विचारलं, तिथे एक खाट टाकू का?

"पोरी," शेख म्हणाले, "पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर आजारी माणूस? इस्पितळाची शोभाच जाईल."

फिद्दाने ते बाकावरून ऐकलं. ती नवऱ्याला म्हणाली, "जन्मभर लोकांच्या आजारपणात कॉफी वाटलीस. माझ्या आजारपणात निदान एक खाट तरी मिळव."

उद्घाटनाच्या दिवशी दालन गच्च भरलं. साहेब बसल्यावर खलफने किटली माझ्या हातात दिली आणि स्वतः जाऊन पाहुण्यांच्या रांगेत बसला. मला कॉफी ओतता येत नाही, थोडी सांडली. त्याच्यापर्यंत पोचलो, पेला दिला. त्याने तो न पिता समोर खाली ठेवला.

आमच्याकडे पेला असा खाली ठेवला म्हणजे पाहुण्याचं काही मागणं आहे. ते मान्य न होता तो उठून गेला, तर यजमानाला तोंड दाखवायला जागा उरत नाही; आणि यजमानाने हो म्हटल्यावर पाहुणा कॉफी प्यायला, की दिलेला शब्द फिरवता येत नाही. त्यातून साहेब बघत होते. शेखना वाटलं, नव्या किटल्या मागेल. ते मोठ्या मनाने, खलफला त्याच्या मुलाच्या नावाने मानाची हाक मारून म्हणाले, "पी कॉफी, अबू सतम. तुझं काम झालं समज."

खलफने पेला एका घोटात संपवला. "फिद्दाला इथे ठेवायचंय. झुंबराखाली."

"इथे म्हणजे... आज?"

"कॉफी तर मी प्यायलो," खलफ म्हणाला.

फिद्दाला आणून लोडांना टेकवून बसवलं. नळी लावली, दारं बंद केली. साहेबांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. रोग्याला इतक्या मानाने ठेवणारं इस्पितळ आपण कुठे पाहिलं नाही, असं ते भाषणात म्हणाले, आणि शेखनी नम्रपणे मान खाली घातली.

पण इतर कुळांना ते लागलं. खलफची बायको झुंबराखाली, आणि आमची माणसं कोपऱ्यात? ज्याने त्याने आपल्या कुळाच्या नावाची खाट आणून टाकली. थंडी यायच्या आत दालन खाटांनी भरलं, आणि भेटायला येणारे पुन्हा अंगणातल्या तंबूत गेले. दारावर शेखांच्या दूरदृष्टीची पाटी आहे.

फिद्दा बरी होऊन घरी गेली. खलफ तंबूत कॉफी देतो. दमून तो जरा पाहुण्यांच्या रांगेत टेकला, की पेला त्याच्यापर्यंत पोचायच्या आत शेख स्वतः उठतात आणि त्याच्या हातात किटली देतात.